शिट्टी नसलेला कुकर: रोजचा स्वयंपाक इलेक्ट्रिक प्रेशर कुकरवर कसा बसवायचा

आमच्या घरी इलेक्ट्रिकचा कुकर आला त्या संध्याकाळी आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, वीस मिनिटं त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसल्या होत्या. आत डाळ-तांदूळ, झाकण लागलेलं, दिवा पेटलेला. शेवटी म्हणाल्या, "अगं, ह्येला शिट्टी कवा व्हायची?" मी सांगितलं, ह्याला शिट्टी नसते. त्यावर लगेच दुसरा प्रश्न आला, "मग शिजलं का न्हाई ते कळायचं कसं?"

सगळं त्या प्रश्नात आलं. आपला हात शिट्ट्यांवर बसलेला असतो. तूरडाळीला तीन, हरभऱ्याला सहा, मटणाला सात. आईनं सांगितलेलं, तिला तिच्या आईनं. हे यंत्र मिनिटं मोजतं. शिट्ट्यांची मिनिटं करता आली की पुढचं सोपं आहे, आणि नाही आली तर एवढं महागाचं यंत्र चार महिन्यांत माळ्यावर जातं. ओळखीतल्या दोन घरांत तसं गेलेलं मी पाहिलंय, म्हणून हे बैजवार लिहिते आहे.

आम्ही साताऱ्यात शाहूपुरीत राहतो, घरात पाच माणसं. ह्यांची शिरवळची कंपनीची बस सकाळी लवकर असते, मुलांचे डबे त्यानंतर, मी नऊला बाहेर पडते. चार वर्षं झाली, रोज सकाळी हा कुकर लागतो. खाली दिलेली मापं आणि मिनिटं आमच्या ओट्यावर पुन्हा पुन्हा करून बसलेली आहेत.

आत काय घडतं ते आधी समजून घ्या

गॅसवरच्या कुकरची शिट्टी चौरस इंचाला साधारण १५ पौंड दाब झाला की उचलली जाते. तेव्हा आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास असतं. इलेक्ट्रिक कुकर बहुतेक करून १० ते १२ पौंडांवरच थांबतो, म्हणजे ११५ ते ११८ अंश. दाब भरला की झाकणावरची छोटी पिन वर येते, झाकण अडकून बसतं, आणि त्यानंतर यंत्र हीटर चालू-बंद करत तेवढाच दाब धरून ठेवतं. वाफ बाहेर पडत नाही, म्हणून शिट्टीही नाही. कॅनडात २०१० मध्ये आलेल्या इन्स्टंट पॉटनं हा प्रकार घरोघरी पोचवला. आता आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांचे मिळतात आणि सगळ्यांचं तत्त्व एकच.

दाब कमी म्हणून वेळ थोडा जास्त लागतो. गॅसवर जे दहा मिनिटांत होतं त्याला इथे बारा धरा. वाफ जात नाही म्हणून पाणी आटत नाही. नेहमीच्या मापानं पाणी घातलं तर आमटी पातळ होते. मी रस्सा-आमटीचं पाणी साधारण पाव भागानं कमी करते. पण भांड्यात एकूण कपभर, म्हणजे २५० मिली, पातळ पाणी हवंच, नाहीतर वाफच तयार होत नाही.

आणि जिथे लोक हमखास नाराज होतात ती गोष्ट: यंत्राच्या समोरच्या आकड्यांच्या पट्टीवर दिसणारी १० मिनिटं ही दाब भरल्यानंतरची असतात. दाब भरायला १० ते १५ मिनिटं जातात, नंतर वाफ जिरायला तेवढीच. म्हणजे '१० मिनिटांची डाळ' झाकण लावल्यापासून ताटात येईपर्यंत अर्ध्या तासाच्या वर जाते. गॅसवर ती कदाचित लवकर होईल. फरक असा, की ह्या अर्ध्या तासात तुम्ही तिथे नसता तरी चालतं. माझ्या दोन्ही शेगड्या मोकळ्या असतात. एकीवर भाकरीचा तवा, दुसरीवर भाजी. भाकरी थापताना पिठाच्या हातानं उठून कुकर बंद करायला लागत नाही, हा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा.

शिट्ट्यांची मिनिटं कशी करायची

शिट्टी हे तसं पक्कं माप नव्हेच. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात, बारीक आचेवर त्याच तीन पंधरा मिनिटं घेतात. त्यामुळे "एक शिट्टी म्हणजे इतकी मिनिटं" असा तक्ता कुणी दिला तर त्यावर विसंबू नका. त्यापेक्षा असं करा. एक दिवस तुमचा रोजचा गॅसचा कुकर नेहमीसारखा लावा आणि घड्याळ समोर ठेवा. पहिली शिट्टी झाल्यापासून तुम्ही गॅस बंद करेपर्यंत किती मिनिटं गेली ते लिहा. त्यात पाचवा हिस्सा मिळवा. तो आकडा इलेक्ट्रिक कुकरवर लावा आणि वाफ आपोआप जिरू द्या, कारण गॅस बंद केल्यावरही तुमची डाळ त्या बंद कुकरात शिजतच असते, ते विसरून चालणार नाही.

आत्यांची एक जुनी वही आहे. तिच्यात मी पदार्थाचं नाव, शिट्ट्या आणि मिनिटं असे तीन रकाने केले. आमच्या वहीतले मिनिटांचे आकडे, सगळे 'हाय प्रेशर'चे, म्हणजे यंत्राच्या जास्त दाबाच्या बटणाचे:

तूरडाळ, अर्धा तास भिजवलेली: १०
अख्खा मसूर, न भिजवता: १२
मोडाची मटकी: २, आणि वाफ लगेच सोडायची
पांढरे वाटाणे, रात्रभर भिजवलेले: १२
हुलगे, रात्रभर भिजवलेले: २०
गावरान हरभरे, रात्रभर भिजवलेले: २५
बटाटे, मध्यम, अख्खे: १२
शेवग्याच्या शेंगा: २, वाफ लगेच सोडून
ब्रॉयलर कोंबडी: ८
गावरान कोंबडी: २५
बोकडाचं मटण: २५ ते ३०

जुनी डाळ, जुने कडधान्य जास्त वेळ घेतं. नवं पीक आलं की दोन-तीन मिनिटं कमी लावून बघा.

घेताना

चार-पाच माणसांना पाच-सहा लिटरचा घ्या. तीन लिटरचा दोघांपुरता. सहा लिटर म्हटलं तरी दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नसतो, आणि कडधान्य, तांदूळ, डाळ असं फुगणारं-फेसाळणारं असेल तर अर्ध्याच्या वर नाही. आतलं भांडं स्टीलचं घ्या. नॉनस्टिकचं धुवायला सोपं, पण आपल्या फोडणीला, डावाला, घासणीला ते टिकत नाही. झाकणाची रबरी रिंग वेगळी मिळते का आणि दुरुस्ती आपल्या गावात होते का, हे पैसे देण्याआधी विचारा.

ह्या कुकरला बहुधा १००० वॅट वीज लागते. ओट्याजवळ तीन पिनांचा, अर्थिंग असलेला सॉकेट हवा. जुन्या वाड्यांमध्ये सॉकेटला तीन भोकं दिसतात, पण अर्थिंगची तार आत जोडलेलीच नसते. वायरमन बोलावून एकदा तपासून घ्या. एक्स्टेंशनच्या बारीक वायरवर हा लावू नका, आणि घरच्या साध्या इन्व्हर्टरवर तर नाहीच.

पहिला दिवस: फक्त पाणी

पहिल्या दिवशी काही शिजवायचं नाही.

झाकण उलटं करून रिंग आपल्या जागी सगळीकडून नीट बसली आहे ना ते बोट फिरवून बघा. आतलं भांडं बाहेरून, विशेषतः बुडाला, कोरडं पुसा. बुडाशी पाण्याचा थेंब किंवा तांदळाचा दाणा राहिला तर हीटरशी नीट टेकत नाही. भांडं आत ठेवा, तीन कप पाणी घाला, झाकण लावा, झाकणावरची वाफेची खुंटी 'सील' खुणेवर न्या आणि पाच मिनिटं लावा. पिनेच्या बाजूनं थोडी वाफ येईल, मग पिन टपकन वर येईल आणि वाफ थांबेल. वाफ येतच राहिली, पिन वर आली नाही, तर शंभरातल्या नव्वद वेळा रिंग तरी वाकडी बसलेली असते किंवा खुंटी तरी फिरवायची राहिलेली असते.

वेळ संपल्यावर दोन रस्ते. वाफ आपोआप जिरू द्यायची, पिन खाली बसली की झाकण उघडायचं. किंवा खुंटी फिरवून वाफ सोडायची. डाळ, भात, खिचडी, कडधान्य, मटण ह्यांना पहिला रस्ता. भाज्या आणि मोडाच्या उसळीला दुसरा. डाळीची वाफ एकदम सोडली तर पिवळा फेस खुंटीतून उडतो आणि भिंतीपर्यंत जातो. खुंटी फिरवताना हात वर धरू नका, लांब दांड्याच्या डावानं ढकला. वर फळी किंवा कपाट असेल तर कुकर आधी खिडकीकडे सरकवून घ्या. रोजच्या वाफेनं प्लायवूड फुगतं. पिन वर असताना झाकणाशी कधीही झटापट करायची नाही.

आता एक जपून ठेवण्याची गोष्ट. पहिल्याच महिन्यात आत्यांनी सवयीनं धुतलेले तांदूळ आणि दोन तांबे पाणी सरळ यंत्रात ओतलं. आतलं भांडं घासायला बाहेर होतं. गॅसचा कुकर म्हणजे भांडंच असतं, मग त्यांचं तरी काय चुकलं? नशीब, बटण चालू नव्हतं. मी प्लग काढला, तांदूळ वेचले, पण खालच्या पत्र्यात पाणी गेलंच होतं. दुरुस्तीवाल्याकडे यंत्र आठ दिवस पडून होतं. आत्यांना इतकं वाईट वाटलं की दोन दिवस त्या स्वयंपाकघरात आल्या नाहीत. तेव्हापासून नियम केला: भांडं बाहेर काढलं की यंत्राच्या तोंडावर पोळपाट ठेवायचा. पोळपाट दिसला की हात थांबतो. घरात वडीलधारं माणूस किंवा स्वयंपाकाला मावशी येत असतील तर हे पहिल्या दिवसापासून करा.

वरण-भात एकदम

रोजचं काम हेच, म्हणून ह्यावर हात बसवा.

एक वाटी तूरडाळ धुऊन अर्धा तास भिजवा. कुकरच्या भांड्यात दीड कप पाणी, त्यात सोबत आलेलं स्टँड. स्टँडवर डाळीचा डबा: डाळ, अडीच वाट्या पाणी, हळद, हिंग, अर्धा चमचा तेल. त्यावर भाताचा डबा: एक वाटी इंद्रायणीला दोन वाट्या पाणी. इंद्रायणी मऊ, चिकटच चांगला लागतो; कोलम असेल तर पाऊण वाटीभर पाणी कमी करा. वरच्या डब्यावर झाकणी ठेवा, नाहीतर झाकणाला जमलेलं पाणी भातात ठिबकतं. १० मिनिटं, मग वाफ जिरू द्या.

गॅसच्या कुकरात ज्या डब्यांत वरण-भात होतो तेच डबे बसतात का हे घेताना बघितलं तर बरं. आमचे दोन बसले, तिसरा बसत नाही.

मी सकाळी उठल्या उठल्या डाळ भिजत घालते, आंघोळ करून येऊन कुकर लावते. तो लागला की कणीक मळायची, भाजी चिरायची. पोळ्या संपेपर्यंत पिन खाली बसलेली असते. डाळ घोटून लसूण-जिऱ्याची फोडणी द्यायची. ही फोडणी मी कढल्यातच देते, यंत्रात नाही. लोखंडी कढल्यातल्या तेलाला जी धग असते ती ह्या भांड्याला येत नाही.

रात्री डाळ-तांदूळ पाण्यात घालून पहाटेचं टायमर लावायची सोय असते. थंडीत एखादवेळ ठीक. चैत्र-वैशाखात उकाड्यानं डाळ आंबते, झाकण उघडल्यावर आंबूस वास येतो. दूध किंवा मटण-चिकन घालून तर टायमर कधीच लावू नका. 'वॉर्म'वर वरण तासभर चांगलं राहतं, भात मात्र बुडाला वाळतो. जेवणं व्हायच्या बेतात असतील तरच चालू ठेवा.

अख्खा मसूर आणि मसाला लागण्याची कटकट

इस्लामपूर, कराडकडच्या ढाब्यांवरचा अख्खा मसूर ज्यानं खाल्लाय त्याला तो घरी करावासा वाटतोच. मी पहिल्यांदा केला तेव्हा तीनदा यंत्र थांबलं आणि पट्टीवर 'बर्न' अशी अक्षरं आली. तिसऱ्यांदा झाकण उघडलं तर बुडाला मसाल्याचा काळा थर.

कारण साधं आहे. ह्या यंत्राचा हीटर बुडाशी, आणि तिथेच तापमान मोजणारं बटण. बुडाला काही चिकटलं, दाट झालं, की तिथलं तापमान भसकन चढतं आणि यंत्र स्वतःला वाचवायला थांबतं. आपल्या भागातला कांदा-लसूण मसाला ह्या बाबतीत सगळ्यात अवघड. त्यात मिरचीबरोबर भाजलेलं खोबरं, तीळ, तळलेला कांदा, लसूण कुटलेला असतो. तेलात पडला की तळाशी बसतो आणि अर्ध्या मिनिटात करपतो. करपलेल्या मसाल्याचा कडवटपणा मग कशानंही जात नाही. वर्षाचा मसाला उन्हाळ्यात डंकावर तास-तास उभं राहून कुटून आणलेला असतो, तो असा जाळायला जीव होत नाही.

म्हणून क्रम असा धरा.

'सॉटे'वर, म्हणजे झाकण न लावता परतायच्या बटणावर, भांडं तापू द्या, तीन चमचे तेल घाला. दोन कांदे बारीक चिरून तांबूस होईपर्यंत परता. सात-आठ मिनिटं लागतात, घाई करू नका. आलं-लसणाचं वाटण घालून मिनिटभर. आता बटण बंद करा. यंत्र बंद असलं तरी भांडं तापलेलं असतं, त्या धगीवर दीड चमचा कांदा-लसूण मसाला आणि हळद घाला, दोनदा हलवा, आणि लगेच अर्धी वाटी गरम पाणी ओता. चर्रकन आवाज येईल. लाकडी उलथन्यानं बूड खरवडा, कोपरे खरवडा. बोटाच्या टोकाला जसं भांड्याचं बूड गुळगुळीत लागतं, तसं उलथन्याला लागलं पाहिजे. कुठेही अडखळता कामा नये. ह्या एका मिनिटावर सगळं अवलंबून आहे.

मग एक वाटी धुतलेला अख्खा मसूर, अडीच वाट्या गरम पाणी, मीठ. दोन टोमॅटो चिरून वर नुसते ठेवा, ढवळू नका. टोमॅटो खाली गेला की त्याचा गर बुडाला लागतो. १२ मिनिटं, आणि वाफ जिरू द्या. उघडल्यावर पातळ वाटेल. 'सॉटे'वर पाच मिनिटं आटवा, थोडे दाणे डावानं दाबून मोडा, कोथिंबीर घाला.

शेंगदाण्याचा कूट, खोबऱ्याचं वाटण, बेसन, गूळ, चिंचेचा कोळ ह्यांपैकी काहीही दाबाखाली जाऊ देऊ नका. ते सगळं झाकण उघडल्यावर घालायचं आणि एक उकळी काढायची. आमट्या-रश्श्यांतली निम्मी 'बर्न'ची भानगड तेवढ्यानं संपते. भरली वांगी मी ह्यात करत नाही. कूट सुटतो, खाली बसतो, आणि वांगं एक मिनिट जास्त झालं तरी विरघळतं. त्याला कढईच हवी.

वाघ्या घेवडा: इथे चूक चालत नाही

आत्यांचं माहेर कोरेगाव तालुक्यातलं. तिथला वाघ्या घेवडा, अंगावर लाल-तांबडे पट्टे असलेला, भौगोलिक मानांकन मिळालेला. चवीला राजम्यापेक्षा गोडसर आणि त्याचा रस्सा आपोआप दाट होतो. दरवर्षी माहेराहून पाच किलो तरी येतो.

हा राजम्याच्याच जातीतला आहे आणि ह्या जातीच्या कच्च्या दाण्यात एक विषारी प्रथिन असतं. खळखळून उकळल्याशिवाय ते जात नाही. अर्धवट शिजलेले दाणे पोटात गेले तर काही तासांत उलट्या-जुलाब होतात. ह्या यंत्रांवर 'स्लो कुक' नावाचं बटण असतं, ज्यात सात-आठ तास मंद आचेवर पदार्थ ठेवतात. त्यात पाणी उकळीला येईलच असं नाही. घेवडा, राजमा त्या बटणावर कधीही लावू नका. मंद तापमानावर विष कमी होण्याऐवजी वाढू शकतं.

बरोबर पद्धत: आठ तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, नवीन पाण्यात धुवा. एक वाटी कोरड्या घेवड्याला तीन वाट्या पाणी, चमचाभर तेल, थोडं मीठ. हाय प्रेशरवर २५ मिनिटं, आणि वाफ पूर्ण जिरू द्या. एक दाणा जिभेनं टाळूवर दाबून बघा. पीठ झालं पाहिजे, मध्ये खडा लागता कामा नये. लागला तर आणखी पाच मिनिटं. फोडणी वेगळी करून त्यात ओता.

रविवारचं मटण

मटण ह्यात फार छान होतं, ह्याबद्दल आमच्या घरात दुमत नाही. पण मी मसाला घालून शिजवत नाही. आधी अळणी काढते.

एक किलो मटण धुऊन हळद, मीठ, आलं-लसूण लावून अर्धा तास ठेवायचं. 'सॉटे'वर दोन चमचे तेलात एक कांदा, मग मटण. पाच मिनिटं परतून त्याला स्वतःचं पाणी सुटू द्यायचं. तीन कप गरम पाणी, बूड खरवडायचं, झाकण. कोवळं असेल तर २५, जून असेल तर ३० मिनिटं. वाफ जिरू द्या. एकदम सोडली तर मांस आवळतं.

वरचं पाणी, म्हणजे अळणी, मुलांना आणि आत्यांना वाटीत. खाली राहिलेलं मटण आणि थोडं पाणी कढईत: भरपूर तेल, कांदा-खोबऱ्याचं भाजून केलेलं वाटण, कांदा-लसूण मसाला, तर्री. ही दुसरी पायरी यंत्रात करता येते, पण तर्री कढईत जशी सुटते तशी सुटत नाही. ज्या कामाला जे भांडं आहे ते वापरावं. यंत्राकडून मऊ मटण घ्यावं, रंग आणि तर्री गॅसकडून.

पुरण, दही आणि शेंगा

होळीला पुरणासाठी दोन वाट्या हरभरा डाळ दोन तास भिजवते. पाच वाट्या पाणी, चमचाभर तेल, १२ मिनिटं, पूर्ण वाफ जिरेपर्यंत थांबायचं. डाळ बोटांत चिरडली की झाली. चाळणीत उपसून खालची येळवणी कटाच्या आमटीला ठेवायची. पाणी उडत नसल्यामुळे येळवणी भरपूर आणि दाट मिळते, गॅसच्या कुकरपेक्षा जास्त. गूळ घालून पुरण घोटायचं काम मात्र जाड बुडाच्या पातेल्यात. उलथनं उभं राहीपर्यंत घोटताना ह्या भांड्याला ते खाली लागतं.

दह्याचं बटण थंडीत उपयोगी. डिसेंबर-जानेवारीत साताऱ्याच्या गारठ्यात विरजण लागत नाही, दूध तसंच राहतं. दूध उकळून कोमट, बोटाला सोसेल इतकं म्हणजे ४० ते ४३ अंशांवर आणा, लिटरला एक चमचा विरजण, सात-आठ तास. उन्हाळ्यात ह्याची गरज नाही.

भुईमुगाच्या ओल्या शेंगा मीठपाण्यात २० मिनिटं. त्या तरंगतात, वर एक ताटली ठेवा.

वीज, लाईट आणि उंची

बिलाचा हिशोब: १००० वॅटचा हीटर पाव तास सलग चालला तर पाव युनिट. दाब भरल्यावर तो अधूनमधूनच पेटतो. एका वेळच्या वरण-भाताला आमच्याकडे अर्ध्या युनिटच्या आत काम होतं.

मध्येच लाईट गेली तर घाबरायचं कारण नाही. पिन वर आली असेल तर झाकण तसंच राहू द्या. आतल्या धगीवर शिजणं चालू राहतं, आणि डाळ पाच-सहा मिनिटं दाबाखाली राहिली असेल तर वाफ जिरेपर्यंत बहुधा होऊन जाते. पिन वर आलीच नसेल तर लाईट आल्यावर पहिल्यापासून लावा. मटण असेल आणि लाईट दोन तास आलीच नाही, तर गॅसवर घ्या, कोमट पडून राहू देऊ नका.

नणंद पाचगणीला असते. तिची तक्रार होती, की माझ्या वहीतले आकडे तिच्याकडे कमी पडतात, घेवडा टणक राहतो. तिचं खरं होतं. जितकं उंच जावं तितकी हवा विरळ, आणि साधारण दर ३०० मीटरला पाणी एक अंश कमी तापमानाला उकळतं. सांगलीला किंवा साताऱ्याला हा फरक जाणवत नाही. पाचगणी-महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्या आसपास. तिथे उघड्या पातेल्यात पाणी ९६ अंशांच्या आतबाहेर उकळायला लागतं. बंद कुकरातही दाब बाहेरच्या हवेच्या वर मोजला जातो, म्हणून आतलं तापमान थोडं उतरतं. ६०० मीटरच्या वर प्रत्येक ३०० मीटरला वेळ पाच टक्क्यांनी वाढवायचा. म्हणजे २५ मिनिटांचा घेवडा तिच्याकडे २८ मिनिटं. तिनं वहीत तेवढी दुरुस्ती केली आणि प्रश्न मिटला.

धुणं आणि सांभाळणं

तळण ह्यात कधीही करू नका, आणि झाकण लावून तेल तापवणं तर जिवावर बेतणारं आहे.

रिंग वास धरते. मटणानंतर त्याच रिंगवर शेवयांची खीर केली तर खिरीला वास येतोच. आम्ही दोन रिंगा ठेवल्या आहेत, तिखटाची आणि गोडाची. तिखटाच्या रिंगेला कडेला पेनानं खूण आहे. रोज रिंग काढून धुवायची, कोरडी करायची. झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेच्या भोकावर एक छोटी जाळीदार टोपी असते. ती आठवड्यातून एकदा काढून बघा, तिथे डाळीचा फेस वाळून बसतो आणि भोक बुजतं. यंत्राच्या तोंडाभोवतीची खाच ओल्या फडक्यानं पुसायची, तिथे भाताचं शीत अडकतं आणि वास मारतं. मागच्या बाजूला पाणी जमणारी डबी असते ती रोज रिकामी करा.

स्टीलच्या बुडाला पांढरे डाग पडले तर अर्धं लिंबू आणि पाणी घालून पाच मिनिटं उकळा. मसाला करपून बसला असेल तर तारेच्या घासणीनं ओरबाडू नका; पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून 'सॉटे'वर उकळी काढा, रात्रभर तसंच ठेवा, सकाळी लाकडी उलथन्यानं निघतं.

ठेवताना झाकण घट्ट लावून ठेवायचं नाही, उलटं ठेवायचं, म्हणजे रिंग दबत नाही आणि कुबट वास धरत नाही. रिंग सैल झाली, चिरली, किंवा दाब भरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागायला लागला, की बदला. आमची तिखटाची दीड वर्षात बदलावी लागली. गोडाची अजून पहिलीच आहे.